मूळ, हौस आणि मोल

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात पालख्या येतात, शमीपूजन होतं आणि सोनं लुटायला झुंबड उडते. छत्रपती घराण्यातली मंडळी या सोहळ्याला ज्या गाडीतून येतात ती मेबॅक इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राजाराम महाराजांच्या अमदानीतली, दुसऱ्या महायुद्धापूर्वीची ही जर्मन गाडी. तिची भावंडं जगात फार नाहीत. मेबॅकने १९२१ पासून महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत सगळ्या मॉडेलांच्या मिळून दोन हजारांहून कमी मोटारी बनवल्या. त्यातही फ्रीडरिक्सहाफेनच्या कारखान्यातून बाहेर पडायचं ते मुख्यतः चासी आणि इंजिन. वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणे दुसरा कारागीर चढवायचा; बहुतेक वेळा राव्हेन्सबुर्गचा हेरमान श्पोन. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन मेबॅक शेजारी उभ्या केल्या तरी त्या जुळ्या दिसतीलच असं नाही.

अशा गाडीबद्दल ‘ही ओरिजिनल आहे का?’ असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? कारखान्यातून निघाली तशी म्हणावं, तर कारखान्यातून ती अर्धीच निघाली होती. मालकाला हवी होती तशी म्हणावं, तर मालकाची हौस पहिल्या दिवसापासून तिचा भाग झाली. आणि जी गाडी इतक्या वर्षांनंतरही रस्त्यावर येते तिचे टायर, बॅटरी, रबरी नळ्या, ब्रेकचं लायनिंग जन्मापासूनचं असूच शकत नाही. तरीही ती दसरा चौकात आली की ‘मेबॅक आली’ असंच आपण म्हणतो, आणि त्यात काही चुकत नाही.

हे पुस्तक या प्रश्नाभोवती फिरतं. त्याचा मुख्य विषय मात्र राजेशाही मिरवणुकीच्या गाड्या हा नाही. एमजी, जग्वार, ट्रायम्फ, पोर्शे, अल्फा रोमिओ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कार, त्यांची दुरुस्ती, त्यांच्यात केले जाणारे बदल आणि त्यांचं मोल, हा आहे. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मूळपणाचा वाद जास्त तापतो, आणि त्याला कारण आहे. ही गाडी पहिल्यापासून वेगासाठी घेतलेली. वेग वाढवायचा तर इंजिन उघडणं आलं, कार्ब्युरेटर बदलणं आलं, जड सीट काढून फेकणं आलं. जी वस्तू बदलण्यासाठीच विकत घेतली जायची तिच्यात आज कुणी बदल केला की आपण कपाळाला आठ्या घालतो. या विसंगतीतून वाट काढता यावी म्हणून ही पानं लिहिली आहेत.

या क्षेत्रात दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचा जीव नंबरांत अडकलेला. चासीवर ठोकलेला नंबर, इंजिन ब्लॉकवरचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर आणि बॉडीवरची पट्टी हे सगळं कारखान्याच्या नोंदवहीशी जुळलं पाहिजे. जुळलं की गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ ठरते आणि किंमत एकदम वरच्या पायरीवर जाते. याला वेड म्हणून हसण्यात अर्थ नाही. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ हे मॉडेल फक्त ३६ गाड्यांपुरतं बनवलं. त्यातली एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. एवढे पैसे कुणी नुसत्या पत्र्याला आणि ॲल्युमिनियमला देत नाही. हीच ती गाडी, हेच ते इंजिन, आणि मधल्या सगळ्या वर्षांचा हिशेब कागदावर हजर आहे, या खात्रीचे ते पैसे असतात. फेरारीने तर २००६ मध्ये जुन्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारा स्वतंत्र विभागच उघडला. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ चंही तसंच. मूळ गाड्या १,५८० बनल्या. पण साध्या ९११ ला तसा मागचा पंख आणि तशी अक्षरं लावून फिरवणाऱ्यांची जगात कमतरता नाही. नंबर तपासणारा माणूस म्हणूनच लागतो.

दुसरा पक्ष म्हणतो, गाडी चालवण्यासाठी आहे. साठ वर्षांपूर्वीचे ड्रम ब्रेक घेऊन आजच्या महामार्गावर ट्रकांच्या मधून जायचं, घाटात इंजिन तापलं म्हणून बॉनेट उघडून उभं राहायचं आणि त्याला निष्ठा म्हणायचं, हे या पक्षाला पटत नाही. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये सुरू झालेल्या सिंगर या कंपनीने जुन्या ९११ पूर्ण उकलून, नव्याने घडवून विकायला सुरुवात केली. त्या गाड्या आज जुन्या मूळ गाड्यांच्या कित्येक पटींनी महाग आहेत. म्हणजे बाजाराने दोन्ही पक्षांना पैसे मोजले. बदल केला की किंमत पडते, हा सरधोपट नियम तिथेच मोडतो. बदल कुणी केला, किती निगुतीने केला आणि तो लपवला का, यावर किंमत ठरते.

‘लपवला का’ या दोन शब्दांत या पुस्तकाचं म्हणणं जवळजवळ सगळं आलं. पण ते उलगडण्याआधी दोन गाड्यांची हकीकत सांगायला हवी, कारण जगातले जाणकारही या प्रश्नाशी कसे झगडले ते त्यांतून दिसतं.

पहिली गाडी बेंटलीची, ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली स्पीड सिक्स. हिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मॉँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे शर्यतीसाठीच तिच्यात भराभर बदल होत गेले. मोठं आठ लिटरचं इंजिन बसलं. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. नंतर तिच्यावर बंद कूपे बॉडी चढली. सहा दशकांनी ती एक कोटी पौंडांना विकण्याचा सौदा झाला, तेव्हा खरेदीदार अडून बसला: ल मॉँ जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात उरलंय काय? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. भाग बदलत गेले हे खरं, पण ती कधी मोडीत निघाली नाही आणि तिच्या जागी दुसरी गाडी उभी राहिली नाही. एका गाडीचा प्रवास अखंड चालू राहिला, म्हणून ओल्ड नंबर वन हे नाव तिचंच, असा त्या निकालाचा आशय. आमच्या मते जुन्या गाडीच्या मूळपणाची इतकी नेमकी मांडणी कुठल्याही मोटार क्लबने आजवर केलेली नाही.

दुसरी हकीकत अगदी अलीकडची. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला १९५० पासून जुन्या गाड्यांची जी स्पर्धा भरते तिला या जगाची पंढरी म्हणायला हरकत नाही. तिथे वर्षानुवर्षं सर्वोच्च बक्षीस मिळायचं ते आरशासारख्या चकचकीत, पुन्हा घडवलेल्या गाड्यांना. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदाच एका पुन्हा न रंगवलेल्या, न घासलेल्या, नुसत्या जपलेल्या गाडीला तो मान मिळाला: १९३४ ची बुगाटी टाइप ५९. पण हिची कुंडली पाहा. ती जन्मली ग्रां प्रीच्या शर्यतीची गाडी म्हणून. पुढे बुगाटीनेच तिचा सुपरचार्जर काढून तिला स्पोर्ट्स कार केलं. मग ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांनी घेतली आणि त्यांच्यासाठी ती काळ्या रंगात, पिवळ्या पट्ट्यासह नटली. आज परीक्षक जिच्या मूळपणाला मान देतात तिचा हा रंग जन्माचा नाही. कुणी शहाण्याने तो काळा थर खरवडून खालचा पहिला रंग परत आणला असता, तर गाडी कारखान्याशी इमान राखून स्वतःच्या इतिहासाला मुकली असती.

या दोन उदाहरणांतून आमची भूमिका तयार झाली. मूळपणा म्हणजे जन्माचा एक क्षण गोठवून ठेवणं असं आम्ही मानत नाही. गाडीचं आयुष्य अखंड असलं पाहिजे आणि त्या आयुष्याचा दाखला खरा असला पाहिजे. बदल झाले म्हणून गाडी बाटत नाही. बदल दडवले की बाटते.

हा विचार भारतातल्या गाड्यांना लावला की पुष्कळ गुंते सुटतात. संस्थानिकांच्या काळात इकडे येणाऱ्या गाड्या मुळातच फर्माशी असत. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतली ड्यूसेनबर्ग घेतली आणि तिच्यावर इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. पुढे १९५० च्या दशकात चित्र पालटलं. जनरल मोटर्सने शिवडीचा आणि फोर्डने आपला जुळणीचा कारखाना बंद केला, आयातीवर बंधनं आली आणि सुट्या भागांचा दुष्काळ पडला. ज्यांच्याकडे एमजी, जग्वार किंवा ट्रायम्फ होती त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते: गाडी गोठ्यात उभी करून कोंबड्यांच्या हवाली करायची, नाहीतर मिळेल ते इंजिन बसवून चालवायची. म्हणून आपल्याकडे जुन्या स्पोर्ट्स कारच्या पोटात ॲम्बेसेडरचं, जीपचं, क्वचित डिझेलचंही इंजिन सापडतं. ‘एकदम ओरिजिनल हाय, कुणी हात लावल्याला न्हाय’ असं छातीठोक सांगणारा विक्रेता बॉनेट उघडायला का कचरतो, ते तेव्हा समजतं.

पण सगळीच इंजिनबदली एका मापाने मोजू नये. १९५५ मध्ये आलेल्या एमजीए या देखण्या दोन सीटच्या गाडीत १,४८९ सीसीचं बी-सीरीज इंजिन होतं. पुढे आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आलं तेही १,४८९ सीसीचं, त्याच बी-सीरीज घराण्यातलं. एक धाकटं भावंड कुटुंब घेऊन कूर्मगतीने चाललं, दुसरं वाऱ्याशी शर्यत लावायला निघालं. कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन आणि बाकीची सजावट वेगळी. पण रक्त एक. एखाद्या एमजीएमध्ये १९७० च्या सुमारास ॲम्बेसेडरचा ब्लॉक बसला असेल तर तिचे नंबर जुळणार नाहीत, किंमतही खाली येईल, पण त्या बदलामागे अक्कल होती हे मान्य करावं लागतं. त्याच गाडीत डिझेल इंजिन बसवण्यासाठी फायरवॉल कापली असेल, चासीला नवे ब्रॅकेट वेल्ड केले असतील, तर ती जखम वेगळी. पहिली परत भरून येते, दुसरी सहसा येत नाही.

म्हणून या पुस्तकात आम्ही बदलांचे तीन प्रकार धरले आहेत. पहिला काळाचा बदल: गाडी नवी असताना, तिच्या शर्यतीच्या दिवसांत, त्याच काळात मिळणाऱ्या सामानाने झालेला. जुहूच्या विमानतळावर शर्यती होत त्या काळात फियाट आणि एमजीच्या इंजिनांवर मालकांनी जे प्रयोग केले ते या वर्गात येतात. असे बदल कागद किंवा फोटोंसह सिद्ध होत असतील तर ते पुसू नयेत. ते गाडीचे दागिने आहेत. दुसरा गरजेचा बदल: भाग मिळेना म्हणून झालेला. तो उलटवता येत असेल तर उलटवावा, पण निघालेलं इंजिन भंगारात घालू नये. तो आयातबंदीच्या वर्षांचा पुरावा आहे. तिसरा हौसेचा बदल. रुची आणि अरुची यांचा सगळा झगडा या तिसऱ्यात आहे.

तिसऱ्याकडे वळण्याआधी आमच्या गावाबद्दल दोन शब्द. कोल्हापूरच्या मातीत यंत्राचा नाद आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास सहकाऱ्यांना घेऊन सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला आणि त्यावर चित्रपट काढले. जवळच इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर घडवली. शिवाजी उद्यमनगरच्या शेडमधून आजही लेथचा आवाज येतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या इंजिनांसाठी ओतीव भाग जातात. एखाद्या ब्रिटिश गाडीचं फुटलेलं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इथे नेलं तर ते पाहून लाकडी पॅटर्न करणारा, साच्यात ओतणारा आणि लेथवर उतरवणारा माणूस मिळतो. एरवी असा भाग ‘मिळत नाही’ म्हणून गाडी वर्षभर उभी राहू शकते.

हे वरदान आहे, पण त्याला दुसरी बाजूही आहे. जो हात हुबेहूब मॅनिफोल्ड ओततो तो हुबेहूब नंबरही ठोकू शकतो. जो बॉडीचा कुजलेला पत्रा नवा घडवतो तो अख्खी बॉडी नवी घडवून तिला जुनी म्हणू शकतो. हुनर जितका मोठा तितकी इमानाची जबाबदारी मोठी. नवा भाग बनवण्यात गैर काही नाही. त्यावर आतल्या बाजूला वर्ष आणि घडवणाऱ्याची खूण कोरावी, एवढंच मागणं आहे.

आणखी एक खोड इथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्याकडे हौसेच्या नावाखाली खपते. गाडी ‘नव्याहून नवी’ करायची खोड. १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या दारांच्या फटी कारखान्यातही सरळ नसत. रंगावर बारीक सालपटासारखी खडबड असे. बॉनेटखालच्या भागाला कुणी पॉलिश मारत नसे. आज रिस्टोरेशनच्या नावाने त्याच गाडीवर आधुनिक रंगाचे थर चढतात, पुट्टी घासून फटी केसाएवढ्या होतात, आणि जिथे तिथे क्रोम. असा मालक स्वतःला मूळपणाचा कैवारी समजतो. प्रत्यक्षात त्याने जो रंग, जी शिलाई, जे पान्याचे ओरखडे खरोखर त्या काळातले होते तेच पुसून टाकलेले असतात. हाही बदलच; फक्त प्रतिष्ठित.

रुचीचा प्रश्न मोटारींपुरता नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, तेव्हा गावाने एका सुरात मागितलं: होतं तसंच पुन्हा बांधा. त्या मागणीत भिंतींचा आणि दर्शनी बाजूचा घाट होता, रंगमंचाचा बाज होता, नाटक ऐकण्याची आठवण होती. जुनी वायरिंग जशीच्या तशी परत आणा असं कुणी म्हणालं नाही, म्हणणारही नव्हतं. ‘होतं तसंच’ म्हणताना आपण मनात एक निवड करतच असतो: काय परत यायला हवं, काय नको. गाडीच्या बाबतीत ही निवड मनात न ठेवता कागदावर आणली की निम्मे वाद मिटतात.

जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिव्हाने, नेमकं तेच केलं. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती. तिच्या धर्तीवर २०१२ मध्ये वाहनांसाठी तुरिनची सनद स्वीकारली गेली. तिचं सार सांगायचं तर असं: जपणं पहिलं, दुरुस्ती नंतर, पुनर्घडण शेवटी. सुरक्षिततेसाठी किंवा कायद्यासाठी बदल करावेच लागले तर ते उलटवता येतील असे करावे, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर ठेवावे, नव्या भागांवर खूण करावी आणि सगळ्याची नोंद ठेवावी. यातली एकही गोष्ट महागडी नाही. एक वही आणि एक ट्रंक पुरते.

आपला कायदा मात्र एवढ्या बारकाव्यात शिरत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची व्याख्या आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती न झालेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरणं यासाठी ती रस्त्यावर येऊ शकते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. दुसरीकडे, कारखान्याच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आधीच मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई ठामपणे अधोरेखित केली. विम्याच्या टॅरिफने मात्र वेगळी रेघ ओढली होती: १९४० अखेरपर्यंतची प्रमाणित गाडी व्हिंटेज, त्यानंतर १९७० पर्यंतची क्लासिक, आणि रक्कम मालक व विमा कंपनी यांनी मिळून ठरवायची. ॲम्बेसेडरचं इंजिन पोटात घेऊन अर्धं शतक चाललेली एमजीए या चौकटींत कुठे बसते? कडक अर्थ लावला तर कुठेच नाही. नियम करणाऱ्यांनी गरजेच्या जुन्या बदलांसाठी एक खिडकी ठेवायला हवी होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खिडकी हवी याला आणखी एक कारण: काही बदल मालकाने केले नाहीत, काळाने करायला लावले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचं आवरण वाचवत असे. ते गेल्यावर हेड उतरवून त्यात कडक धातूच्या सीट बसवाव्या लागल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. यातलं काही इथेनॉल ज्या उसापासून होतं त्याच्या ट्रॉल्या आपल्या पंचगंगेच्या काठाने हंगामात रोज कारखान्याकडे जाताना आपण पाहतो. आणि तेच इथेनॉल जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, कॉर्कच्या गॅस्केट आणि कार्ब्युरेटरमधले सील खातं, पाणी शोषून टाकीला गंज लावतं. इथे मूळ नळी जपण्याचा हट्ट धरला तर गाडीला आग लागण्याचा धोका. नळी बदला, जुनी ट्रंकेत ठेवा, वहीत लिहा.

आता तिसरा, हौसेचा बदल, म्हणजे रुचीचा प्रश्न. डायनामोच्या जागी ऑल्टरनेटर, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, मोठा रेडिएटर, सीटबेल्ट, पुढे डिस्क ब्रेक: हे सगळं आम्ही सुरुचीच्या बाजूला टाकतो, जोवर त्यासाठी चासी कापली जात नाही. उलट रुंद टायर बसावेत म्हणून मडगार्ड फाडणं, मूळ डायल फेकून डिजिटल पडदा लावणं, एलईडीच्या निळ्या माळा सोडणं, नव्या अलॉय चाकांवर जुनी गाडी टांगणं, ही अरुची. विजेवर चालवण्याचा प्रश्न मधला आणि अवघड आहे. जग्वारने २०१७ मध्ये जुन्या ई-टाइपमध्ये मोटर आणि बॅटरी बसवून दाखवली तेव्हा जगभर टाळ्या पडल्या. फिव्हाचं म्हणणं होतं, अशी गाडी मग ऐतिहासिक वाहन उरत नाही. आम्ही फिव्हाच्या बाजूचे. स्पोर्ट्स कारचा आत्मा तिच्या इंजिनाच्या आवाजात असतो. ते काढलं की राहतं ते सुंदर कवच. मात्र मूळ इंजिन कोपऱ्यात सुखरूप ठेवून एखाद्याने तसं केलं, तर त्याला पापी ठरवायचं काही कारण नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात गाडी विकत घेण्याआधी काय तपासावं ते आहे: नंबर कुठे असतात, चासीवरचं वेल्डिंग कसं ओळखावं, रंगाखाली पुट्टी किती जाड आहे ते चुंबकाने कसं पाहावं. दुसऱ्या भागात दुरुस्ती: इंजिन रिबोअर करायचं की स्लीव्ह घालायची, पत्रा नवा घडवायचा की जुन्यात ठिगळ लावायचं, रंग कुठवर खरवडायचा. तिसऱ्या भागात बदल, आणि चौथ्यात मोल, म्हणजे बाजार, विमा आणि नोंदणी. ज्याला वेळ कमी आहे त्याने निदान पहिला आणि चौथा भाग वाचावा. पैसे तिथेच बुडतात.

हे पुस्तक श्रीमंत संग्राहकांसाठीच आहे असा समज होऊ नये. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड किंवा जुनी फियाट गॅरेजमध्ये आहे आणि तिचं काय करावं कळत नाही, असा वाचक आमच्या डोळ्यासमोर जास्त होता. त्याला ल मॉँ आणि पेबल बीचचे दाखले दूरचे वाटतील, पण प्रश्न तोच आहे आणि उत्तरही. ज्या फिटर, टर्नर, पॅटर्नमेकर आणि डेंटर-पेंटर मंडळींनी कामाच्या धबडग्यातही आमच्या शंका निस्तरल्या, त्यांच्याशिवाय दुसरा भाग लिहून झाला नसता. त्यांचं ऋण मोठं आहे.

शेवटी एकच विनंती. गाडी मिस्त्रीच्या हाती देण्यापूर्वी तिचे सगळ्या बाजूंनी, बॉनेटखालून आणि खालून फोटो काढा. निघालेला एकही भाग भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा. काय बदललं, का बदललं, कुणी आणि कधी, ते वहीत लिहा आणि गाडी विकाल तेव्हा ती वही चावीबरोबर द्या. मग तुमची हौस तुमच्या पसंतीने खुशाल करा.